चिमूटभर राखेची गोष्ट

(वाचनपाठ : मोठा गट. छोट्या गटातल्या मुलांना आईबाबांनी वाचून दाखवावा.)

मुलांनो, मागे एकदा वर्गात एकवचन आणि अनेकवचन चालले होते. फळा-फळे, वही-वह्या, चिंच-चिंचा असे म्हणता म्हणता एकाने हात वर केला आणि विचारले, "मग 'अ‍ॅशेस'ला मराठीत 'राखा' म्हणायचे का?" सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. पण प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत राख चिमूटभर असो की पोतेभर, ती 'राख'च. तिचे अनेकवचन आपण करत नाही.

मधल्या सुट्टीत या 'राखां'वरून दुसराच वाद पेटला. ही राख खरोखर आहे का? असली तर कशाची? आणि तिच्यासाठी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया एवढे का झगडतात? आम्हा पालकांपैकी कोणालाच सगळी उत्तरे धड येईनात. म्हणून आम्ही पुस्तके उघडली, आणि या अंकातला पाठ क्रिकेटचा झाला.

ओव्हलवरची हार

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला पहिला कसोटी सामना १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला झाला. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी सामना जिंकला. शंभर वर्षांनी, १९७७ च्या मार्चमध्ये, त्याच मैदानावर शताब्दीचा सामना ठेवला, तेव्हाही ऑस्ट्रेलियाच जिंकले आणि तेही बरोबर ४५ धावांनी! योगायोग म्हणतात तो हा.

मात्र राखेची गोष्ट सुरू होते ती लंडनच्या ओव्हल मैदानावर, १८८२ च्या ऑगस्टमध्ये. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ६३ धावांत आटोपला. इंग्लंडने १०१ केल्या. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने १२२ केल्या. आता इंग्लंडला जिंकायला हव्या होत्या फक्त ८५ धावा. घरचे मैदान, आणि संघात डब्ल्यू. जी. ग्रेससारखा दाढीवाला दिग्गज. सामना खिशात असल्यासारखाच होता.

पण त्याआधी एक प्रसंग घडला होता. ऑस्ट्रेलियाचा तरुण फलंदाज सॅमी जोन्स एक धाव पुरी करून, चेंडूचा खेळ आता थांबला असे समजून, खेळपट्टी बॅटने थोपटायला रेषेबाहेर गेला. ग्रेसने चेंडू हातात घेऊन शांतपणे यष्टी उडवली आणि दाद मागितली. पंचांनी जोन्सला धावचीत दिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ संतापला. हे तुम्हाला महागात पडेल, असे त्याने ग्रेसला सुनावले, असे सांगतात. महागात पडलेच! २ बाद ५१ वरून इंग्लंडचा डाव कोसळला आणि ७७ वर संपला. इंग्लंड ७ धावांनी हरले. स्पॉफर्थने दोन्ही डावांत मिळून ९० धावांत १४ बळी घेतले.

चार दिवसांनी 'द स्पोर्टिंग टाइम्स' या पत्रात एक थट्टेचा मृत्युलेख छापून आला. त्याचा मतलब असा, की इंग्लंडच्या क्रिकेटचे ओव्हलवर निधन झाले आहे, देहाचे दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेण्यात येईल. लेखक होता रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्स.

आपल्याला यात दहनाचे काही विशेष वाटणार नाही, कारण आपल्याकडे ती रीतच आहे. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये मृताला पुरण्याची पद्धत होती. दहन करणे कायद्यात बसते की नाही यावर तेव्हा वाद चालू होता. ते बेकायदा नाही, असा निकाल एका खटल्यात १८८४ साली लागला आणि १८८५ मध्ये वोकिंग येथे नव्या दहनगृहातले पहिले दहन झाले. म्हणजे १८८२ च्या वाचकाला 'दहन' हा शब्दच दचकवणारा होता. थट्टेची खरी धार तिथे होती.

कलशात आहे काय?

त्याच हिवाळ्यात आयव्हो ब्लाय हा तरुण कर्णधार इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला. ती राख परत आणतो, असे त्याने गमतीने जाहीर केले. मेलबर्नजवळ रूपर्ट्सवूड नावाच्या वाड्यावर त्याचा मुक्काम असताना तिथल्या काही स्त्रियांनी त्याला एक लहानसा मातीचा कलश भेट दिला. आत थोडी राख होती. ही राख जाळलेल्या बेलची, असे बहुतेक जण सांगतात. (देवाला वाहतो तो बेल नव्हे, यष्ट्यांवर आडवी ठेवतात ती लाकडी बेल!) कोणी आणखी काही सांगतात.

त्या वाड्यात फ्लॉरेन्स मॉर्फी नावाची संगीतशिक्षिका होती. १८८४ मध्ये ब्लायने तिच्याशी लग्न केले. म्हणजे राख आणायला गेलेला इंग्लंडचा कर्णधार ऑस्ट्रेलियाचा जावई झाला. कलश त्यांच्या घरातच राहिला. १९२७ साली ब्लाय वारल्यावर फ्लॉरेन्सने तो एमसीसीला दिला. लॉर्ड्सच्या संग्रहालयात तुम्हाला तो पाहायला मिळेल. आधीच सांगून ठेवतो, निराश होऊ नका. तो जेमतेम ११ सेंटिमीटर उंच आहे, आपल्या फुलपात्राहून किंचित उंच म्हणा ना.

आणखी एक गंमत. मालिका कोणीही जिंको, कलश लॉर्ड्सवरच राहतो. १९९८-९९ पासून विजेत्या संघाला काचेचा मोठा करंडक देतात. म्हणजे दोन देश जिच्यासाठी झुंजतात, ती राख जिंकणाऱ्याला घरी नेताच येत नाही!

अंगावर येणारे चेंडू

थट्टेतून सुरू झालेली ही चुरस एकदा अगदी तुटेपर्यंत ताणली गेली. ती हकीगत नीट समजून घेण्यासारखी आहे.

१९३० साली डॉन ब्रॅडमन इंग्लंडमध्ये आला आणि पाच कसोटींत त्याने ९७४ धावा काढल्या. एका मालिकेत इतक्या धावा अजून कोणालाही काढता आलेल्या नाहीत. लीड्सला तर त्याने एका दिवसात ३०९ केल्या. याला थांबवायचे कसे, हा प्रश्न इंग्लंडला पडला. १९३२-३३ च्या दौऱ्यावर कर्णधार डग्लस जार्डिनने उत्तर शोधले. वेगवान गोलंदाजाने चेंडू आखूड टप्प्यावर, थेट फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने टाकायचा आणि लेग बाजूला जवळजवळ क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करायचे. फलंदाजाने बॅट मध्ये घातली तर झेल आणि नाही घातली तर चेंडू अंगावर. तेव्हा हेल्मेट नव्हते. यालाच 'बॉडीलाइन' म्हणतात. मुख्य अस्त्र होता हॅरल्ड लारवूड, नॉटिंगहॅमशरचा, चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला मुलगा.

१९३३ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला पन्नास हजारांवर प्रेक्षक होते. लारवूडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुल याच्या छातीवर, हृदयाजवळ आदळला. तो वाकून कळवळला. थोड्याच वेळात जार्डिनने पुन्हा लेगचे कडे लावले. प्रेक्षक खवळले. संध्याकाळी इंग्लंडचे व्यवस्थापक पेल्हम वॉर्नर विचारपूस करायला गेले, तेव्हा वुडफुलने त्यांना ऐकवले, की मैदानावर दोन संघ आहेत, पण क्रिकेट त्यांतला एकच खेळतो आहे. पुढे त्याच सामन्यात यष्टिरक्षक बर्ट ओल्डफील्डच्या कवटीला इजा झाली. हा चेंडू मात्र साध्या क्षेत्ररचनेत टाकलेला होता. चूक माझीच, लारवूडची नाही, असे ओल्डफील्डने स्वतः सांगितले. डोक्याला जखम झालेली असताना खरे बोलणे सोपे नाही, मुलांनो.

ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने लंडनला तार केली आणि हा खेळ खिलाडूपणाला सोडून आहे असे बजावले. लंडनहून उत्तर आले, की असे असेल तर दौराच रद्द करू. प्रकरण दोन्हीकडच्या सरकारांपर्यंत गेले. शेवटी ऑस्ट्रेलियाने तो शब्द मागे घेतला. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. लारवूडने ३३ बळी घेतले.

मग जार्डिनने नियम मोडला का? नाही. तेव्हाच्या नियमांत बॉडीलाइनला बंदी नव्हती. पण आम्ही कॉम्प्युटरवाले एक गोष्ट रोजच्या कामातून शिकलो आहोत. सांगितलेल्या सगळ्या अटी पाळूनही प्रोग्रॅम चुकीचा असू शकतो, कारण अटी लिहिणाऱ्याला सगळेच सुचलेले नसते. इंग्लंडच्या लोकांना ही चूक कळली ती १९३३ च्या उन्हाळ्यात. वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी मँचेस्टरला असेच चेंडू इंग्लंडवर टाकले तेव्हा कुठे इथल्या प्रेक्षकांनी ते डोळ्यांनी पाहिले. जार्डिन मात्र कच्चा नव्हता. त्या माऱ्यापुढे उभे राहून त्याने १२७ धावा केल्या. पुढे अशा गोलंदाजीला आळा घातला गेला आणि लेग बाजूला यष्ट्यांच्या रेषेमागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतील, असा नियम १९५७ मध्ये झाला.

लारवूडचे पुढे काय झाले?

मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, सिडनीला, लारवूडने फलंदाजी करताना ९८ धावा काढल्या. शतक दोन धावांनी हुकले. ज्या प्रेक्षकांनी महिनाभर त्याच्या नावाने शंख केला होता, त्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला.

घरी परतल्यावर मात्र त्याच्याकडे माफीपत्रावर सही मागण्यात आली. मी कर्णधाराची आज्ञा पाळली, माफी कशाची मागू, असे म्हणून त्याने नकार दिला. तो पुन्हा कधी इंग्लंडकडून खेळला नाही. आज्ञा देणारा जार्डिन त्याच वर्षअखेर इंग्लंडचा कर्णधार म्हणून भारतात आला आणि आज्ञा पाळणारा खाणकामगार घरी बसला. हा न्याय कसा वाटतो, ते तुम्हीच ठरवा.

लारवूडने पुढे ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटांचे दुकान चालवले. आणि १९५० साली, बायको आणि पाच मुलींना घेऊन, तो कायमचा राहायला गेला. कुठे? ऑस्ट्रेलियात! तिकडे येण्याचा आग्रह करणाऱ्यांत जॅक फिंगलटन होता, बॉडीलाइनच्या मालिकेत त्याच्याविरुद्ध खेळलेला फलंदाज. ज्या 'ओरॉन्टिस' बोटीने लारवूड १९३२ साली खेळायला गेला होता, तीच बोट त्याला घेऊन गेली. ज्या देशात एके काळी त्याचा सर्वांत जास्त राग केला जाई, त्या देशाने त्याला आपले म्हटले. १९९५ साली सिडनीतच तो वारला.

आपण सगळे घर सोडून दुसऱ्या देशात आलेली माणसे. बॅग भरून, मुलांना घेऊन, अनोळखी गावी उतरणे म्हणजे काय, हे तुमच्या आईबाबांना विचारा. म्हणून ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली.

धावती भेट

सगळे सामने सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. चार तेवढे सांगतो.

१९४८, ओव्हल. ब्रॅडमनची शेवटची कसोटी. तो मैदानात आला तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंनी गोळा होऊन त्याचा जयजयकार केला. दुसऱ्याच चेंडूवर एरिक हॉलिसने त्याचा त्रिफळा उडवला. शून्य! त्याची सरासरी ९९.९४ वर थांबली.

१९८१, लीड्स. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडच्या विजयाची पैज ५०० ला १ अशी लागली होती. इयन बोथमने नाबाद १४९ केल्या, बॉब विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकले.

२००५, एजबॅस्टन. २८२ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया फक्त २ धावांनी हरले. इंग्लंडचे खेळाडू नाचत असताना अँड्र्यू फ्लिंटॉफ खाली बसलेल्या ब्रेट लीजवळ गेला, वाकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या विजयाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र नाचणाऱ्यांचे नाही, ते या हाताचे आहे.

२०२३, लॉर्ड्स. एक चेंडू सोडून दिल्यावर षटक संपले असे समजून जॉनी बेअरस्टो रेषेबाहेर चालू लागला. यष्टिरक्षक अ‍ॅलेक्स कॅरीने चेंडू यष्ट्यांवर मारला. यष्टिचीत! केवढा गदारोळ झाला. दोन्ही देशांचे पंतप्रधानसुद्धा बोलले. काही सदस्यांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशी आगळीक केली म्हणून एमसीसीने माफी मागितली आणि तीन सदस्यांना निलंबित केले.

पण थांबा. ही गोष्ट आपण आधी वाचली आहे ना? सॅमी जोन्स आणि ग्रेस, १८८२! फक्त बाजू बदलल्या. तेव्हा इंग्लंड म्हणाले होते, नियमात बसते. १४१ वर्षांनी ऑस्ट्रेलिया तेच म्हणाले.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच आहे. सामना एका दिवशी संपतो, पण त्याच माणसांबरोबर पुन्हा खेळायचे असते. म्हणून जिंकण्यालाही मर्यादा पडते. ही मर्यादा काही वेळा नियमांच्या पुस्तकात असते, काही वेळा नसते, आणि नसते तेव्हा ती आपणच आखावी लागते. प्रतिस्पर्धी नसेल तर खेळच नाही. शत्रूला संपवायचे असते, प्रतिस्पर्ध्याला पुन्हा बोलवायचे असते.

आपण कोणाच्या बाजूचे?

आता थोडे पालकांसाठी. १९९० साली नॉर्मन टेबिट या ब्रिटिश पुढाऱ्यांनी एक 'क्रिकेटची परीक्षा' सुचवली होती. बाहेरून येऊन इथे राहिलेले लोक कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतात, त्यावरून ते इथले झाले की नाही ते ठरवायचे! आपल्यापैकी अनेकांना तेव्हा राग आला होता. पण खरे सांगायचे तर आम्हीही घरी तीच परीक्षा घेतो. मुलगा इंग्लंडच्या चौकारावर टाळ्या वाजवू लागला, की आमचे तोंड कडू होते. टेबिटसाहेबांची परीक्षा वाईट, मग आमची कशी चांगली?

बॉडीलाइनच्या दौऱ्यावरचा इंग्लंडचा संघच बघा. कर्णधार जार्डिन जन्मला कुठे? मुंबईत, मलबार हिलवर! वेगवान गोलंदाज गबी अ‍ॅलन जन्मला सिडनीत, म्हणजे 'शत्रू'च्या घरात. अंगावर चेंडू टाकायला त्याने साफ नकार दिला आणि सरळ गोलंदाजी करून २१ बळी घेतले. आणि पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनी सिडनीच्या पहिल्याच कसोटीत शतक काढले, पण लेगच्या त्या कड्यात उभे राहायचे नाकारले. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना वगळण्यात आले. पुढे १९४६ साली तेच भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला आले. त्यांच्याआधी रणजितसिंहजींनी १८९६ मध्ये आणि दुलीपसिंहजींनी १९३० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत इंग्लंडसाठी शतके काढली होती. मद्रासला जन्मलेला नासिर हुसेन या मालिकेत इंग्लंडचा कर्णधार झाला. २००९ साली कार्डिफला लूटनच्या माँटी पनेसरने जेम्स अँडरसनबरोबर शेवटची जोडी ६९ चेंडू टिकवून हरणारी कसोटी वाचवली.

यांतल्या कोणाला टेबिटसाहेबांच्या परीक्षेत किती गुण मिळाले असते? आणि सिडनीत म्हातारा झालेल्या लारवूडला? आम्हाला वाटते, परीक्षेतच चूक आहे. कोणत्या बाजूने ओरडतो यापेक्षा, समोरचा पडला तर आपण काय करतो, हे विचारावे. तेव्हा मुलांनो, खुशाल हव्या त्या संघाच्या बाजूने ओरडा. फक्त दुसऱ्या बाजूच्या चांगल्या फटक्यालाही टाळी द्या, आणि जमले तर मराठीतून ओरडा!

शब्दांची ओळख

रक्षा : या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राख (रक्षाविसर्जन) आणि दुसरा राखणे, सांभाळणे (रक्षाबंधन). इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाने या रक्षेची आजवर रक्षा केली, असे म्हणता येईल.

चीत : कुस्तीत पाठ मातीला लागली की मल्ल चीत होतो. त्यावरून धावचीत, पायचीत, यष्टिचीत.

त्रिफळा उडणे : तीन यष्ट्या म्हणून गमतीने 'त्रिफळा'. आजीच्या कपाटातल्या त्रिफळा चूर्णात कोणती तीन फळे असतात, ते तिला विचारा.

स्वाध्याय

१. १८८२ च्या वाचकांना 'दहन' या शब्दाचे नवल का वाटले?

२. गाळलेल्या जागा भरा : इंग्लंडने ओव्हलवर दोन डावांत मिळून ____ धावा केल्या, ऑस्ट्रेलियाने ____ केल्या.

३. गणित : ब्रॅडमन ८० डाव खेळला, त्यांत १० वेळा नाबाद राहिला. एकूण धावा ६९९६. सरासरी काढा. ती पूर्ण १०० व्हायला शेवटच्या डावात बाद होण्यापूर्वी किती धावा हव्या होत्या?

४. तुम्ही कॅरीच्या जागी असता तर चेंडू यष्ट्यांवर मारला असता का? पाच वाक्ये लिहा. दोन्ही उत्तरे चालतील, पण कारण द्यायला हवे.

५. लारवूडने बोटीवरून आपल्या जुन्या मित्राला लिहिलेले पत्र कल्पनेने लिहा. चांगली पत्रे पुढच्या अंकात छापू.